आसरा, झोटिंगाची बायको आणि दुःखाची विचारपूस

हल्ली शहरांतून वाचनगट पुष्कळ झाले आहेत. महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, ज्याने त्याने आपापल्या घरी वाचायचं आणि एका रविवारी जमून चहाबरोबर त्यावर बोलायचं. त्यात एक नवा प्रकार बराच वाचला जातो. इंग्रजीत त्याला 'कोझी फँटसी' म्हणतात. आपण 'उबदार अद्भुतकथा' म्हणू. पऱ्या असतात, जादू असते, पण लढाया आणि रक्तपात फारसा नसतो. चहाचं दुकान, बर्फातलं गाव, शेकोटी आणि त्यात कुणाचं तरी जुनं दुःख. टी. जे. क्लून यांच्या 2021 सालच्या 'अंडर द व्हिस्परिंग डोअर' या कादंबरीचा नायक मेल्यानंतर एका चहाच्या दुकानात येऊन राहतो. हेदर फॉसेट यांच्या 2023 च्या 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज'मध्ये पऱ्यांचा अभ्यास करणारी बाई एका थंड गावात जाते, तिथे एका घरातलं मूल पऱ्यांनी नेलेलं असतं आणि त्याच्या जागी भलतंच काही ठेवलेलं असतं. त्या आईबापांचं काय होत असेल, यावर गटात तासन् तास बोलणं होतं.

आता यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे, मोठ्या माणसांनी पऱ्यांच्या गोष्टी कसल्या वाचायच्या? आणि दुसरी, हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं. दोन्ही खऱ्या नाहीत असं मला वाटतं. आपल्याकडे हे होतं, शेकडो वर्षं होतं, आणि ते पोरांसाठी नव्हतं, मोठ्या बायांसाठी होतं. फक्त त्याला वाचनगट म्हणत नसत, 'कहाणी ऐकणं' म्हणत.

आधी पऱ्यांचं बघू. 'परी' हा शब्द फारसीतून आला. आपल्या गावांतली जुनी परी म्हणजे आसरा. अप्सरा या शब्दाचंच ते रूप, आणि अप्सरेतला 'अप्' म्हणजे पाणी. साती आसरा नेहमी सात, नेहमी पाण्यापाशी. लोणंद, नीरा, पाडेगाव या पट्ट्यातच नव्हे तर सबंध देशावर विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या डोहापाशी शेंदूर फासलेले सात दगड दिसतात. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण आणि दहीभाताचा निवद एवढी त्यांची मागणी. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त पुणे-मावळ भागातल्या अशा देवींचा माग काढला आहे. मावळाया म्हणजे 'लहान आया' हे त्यांच्यातल्याच काही देवींचं नाव. देऊळ नाही, पुजारी नाही, नवरा नाही. शास्त्री-पंडितांच्या देवांपेक्षा ही मंडळी निराळी.

पण आसरा काही उबदार नव्हेत. पोहायला गेलेलं पोर वर आलं नाही की 'आसरांनी ओढलं' म्हणत. बाळंतीण आजारी पडली तर 'आसरा लागल्या'. म्हणजे नेणाऱ्या त्याच, आणि राखणाऱ्याही त्याच. युरोपातल्या जुन्या पऱ्याही अशाच होत्या, मूल पळवणाऱ्या. त्यांना पंख आणि चमचमती कांडी फार उशिरा आली. मला यात एक सरळ हिशेब दिसतो. ज्याने नेलं त्याच्याकडेच परत मागायचं. दुसरं कोण देणार?

आता कहाण्यांकडे येऊ. श्रावण आला की घरोघरी वारांच्या आणि सणांच्या कहाण्या वाचत. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी हातात अक्षता धरून ऐकायचं. 1901 च्या जनगणनेत हिंदुस्थानात लिहितावाचता येणाऱ्या बायका शंभरात एकसुद्धा भरत नव्हत्या. त्यामुळे वाचणारी एखादीच, नाहीतर तोंडपाठ सांगणारी. पुढे छापील पुस्तिका निघाल्या, बाजारात उदबत्ती-कापसाबरोबर मिळू लागल्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी कव्हर फाटलेली पुस्तिका देवघराच्या फडताळात असेल.

त्यातल्या दोन कहाण्या मी इथे घेतो, कारण दोन्हींत पोर गेलेल्या आया आहेत आणि दोन्हींत आसरा किंवा त्यांच्या बहिणी आहेत.

पहिली पिठोरीची. श्रावणातल्या अमावास्येला सांगायची. (देशावर इतरत्र त्या दिवशी पोळा असतो. आपल्याकडे सातारा-सांगलीला बैलांचा सण, बेंदूर, आषाढातच होऊन जातो. त्यामुळे ही अमावास्या आपल्याकडे निव्वळ आयांची.) एका घरात नेमकं या अमावास्येला सासऱ्याच्या बापाचं श्राद्ध असतं. दर वर्षी त्याच दिवशी सून बाळंत होते, मूल मरतं आणि जेवायला बसायच्या वेळी ब्राह्मण उपाशी उठून जातात. असं सात वर्षं होतं. सातव्या वर्षी सासरा चिडतो, मेलेलं मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलून देतो.

रानात तिला भेटते झोटिंगाची बायको. झोटिंग म्हणजे माणसं खाणारं भूत. ती म्हणते, पळ बाई, माझा नवरा आला तर तुला खाईल. सून म्हणते, त्यासाठीच तर आले. आणि मग ही भुताची बायको तिला विचारते की जिवावर इतकी उदार का झालीस? सबंध कहाणीत हा प्रश्न विचारणारी ही पहिली व्यक्ती. सासऱ्याने विचारलेलं नाही, नवऱ्याने नाही, गावानेही नाही. झोटिंगाची बायको तिला वाट दाखवते. पुढे बेलाचं झाड आहे, खाली शिवलिंग आहे. झाडावर बसून राहा. रात्री नागकन्या-देवकन्या साती अप्सरांना घेऊन पूजेला येतील, खीरपुरीचा नैवेद्य दाखवतील आणि कुणी अतिथी आहे का म्हणून विचारतील. तेव्हा 'मी आहे' म्हणून सांग. ती तसं करते. त्या चकित होऊन तिची चौकशी करतात, ती आपली हकीकत सांगते, आणि त्या तिची सातही मुलं जिवंत करून तिच्या पुढ्यात उभी करतात. ती घरी येते तेव्हा सासऱ्याचा आधी विश्वास बसत नाही. मग तो पाणी-तांदूळ ओवाळून तिला घरात घेतो.

दुसरी कहाणी शिळा सप्तमीची. एक राजा नवं गाव वसवतो, तळं खणतो, पण पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात की सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा सुनेला माहेरी पाठवतो, नातवाला न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो आणि निजवून तळ्याच्या मध्यभागी ठेवतो. पाणी भरतं. काही दिवसांनी सून भावाबरोबर परत येताना ते भरलेलं तळं बघते. तिला काही माहीत नाही. त्या दिवशी सप्तमी असते, म्हणून ती काठावर दहीभात ठेवून पूजा करते, आपल्या वंशातलं कुणी पाण्यात गेलं असेल तर ते परत मिळावं असं मागते, आणि कुणीतरी तिचे पाय ओढायला लागतं. बघते तर तिचंच पोर.

या कहाणीतली जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती ही, की मूल देताना आईला विचारलेलं नाही. तिला माहेरी धाडून काम उरकलेलं आहे. गावाला पाणी मिळालं हे खरं, सगळे खूश झाले हेही खरं. दुष्काळी मुलखात पाण्याची किंमत काय असते ते खंडाळा-माण-खटावच्या माणसाला सांगायला नको. पण पाणी आणताना किंमत एकाने ठरवायची आणि ती दुसऱ्याने मोजायची, हे कहाणी रचणाऱ्या बायांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याच जिल्ह्यात 1960 च्या दशकात कोयनेचं धरण उभं राहिलं, वीज झाली, आणि खोऱ्यातली माणसं कुठल्या कुठे पांगली. त्यांना कहाणीतल्या सुनेसारखं गेलेलं काही परत मिळालं नाही.

आता इतिहास म्हणून मला महत्त्वाचं वाटतं ते असं. या कहाण्या ऐकायला बसलेल्या बायांमध्ये पोर न गेलेली बाई सापडणं कठीण होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस बघत नसत. त्यात 1896 नंतर प्लेग आला, 1918 मध्ये इन्फ्लुएन्झा आला. खेड्यापाड्यांत त्याला मानमोडी म्हणत. देशभरात सव्वा कोटी तरी माणसं त्यात गेली असा अंदाज आहे. अशा काळात दहा बायका अक्षता घेऊन बसल्या असतील तर सात-आठ जणींना पिठोरीची सून म्हणजे कोण ते वेगळं सांगावं लागत नसणार. आणि घरात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. लहान मुलाचं सुतक थोडं, रडणं त्याहून थोडं, कारण लगेच पुढचं बाळंतपण. वर्षातून एकदा, व्रताच्या निमित्ताने, सगळ्यांदेखत मेलेल्या मुलाचा विषय निघे. तोही आपल्या नव्हे, गोष्टीतल्या बाईच्या. आजचे वाचनगट नेमकं हेच करतात. पुस्तकातल्या माणसाबद्दल बोलता बोलता कुणीतरी आपल्याबद्दल बोलू लागतं.

इथे एक इंग्रज येतो. चार्ल्स ऑगस्टस किंकेड, मुंबई इलाख्यातला आयसीएस अधिकारी. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्याबरोबर त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, त्याचा पहिला खंड 1918 चा. त्याआधी 1914 मध्ये त्याने आपल्या श्रावणातल्या वीस कहाण्या इंग्रजीत आणल्या. चित्रं काढली कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांनी. पुस्तकाचं नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स', आणि उपशीर्षक चक्क 'दक्षिणेकडच्या परीकथा'. पिठोरीची कहाणी त्यात आहे, जलदेवतांचीही आहे.

नाव बघा. नर्सरी! आमच्या ओसरीवर ज्या गोष्टी पोर गेलेल्या बाया ऐकत होत्या त्या लंडनला पोचेपर्यंत बाळांच्या खोलीतल्या गोष्टी झाल्या. किंकेडला दोष द्यायचा नाही. त्याच्याकडे अद्भुत गोष्टींसाठी तेवढाच एक कप्पा होता. पुढे आपणही तोच कप्पा उचलला. शिकलो, शहाणे झालो आणि पऱ्या 'चांदोबा'त पाठवून दिल्या. कहाण्या राहिल्या त्या व्रताचा भाग म्हणून, आणि व्रतं मागे पडली तशा त्याही मागे पडल्या.

किंकेडने ते पुस्तक आपल्या लहानग्या मुलाला, डेनिसला, अर्पण केलं आहे. हा डेनिस मोठा झाला, बापासारखाच आयसीएस होऊन इकडे आला, शिवाजी महाराजांवर 'द ग्रँड रेबेल' हे पुस्तक लिहिलं. 1937 साली कारवारला समुद्रात बुडून तो गेला. तिशी नुकती ओलांडली होती. वडील त्यानंतर अनेक वर्षं जगले. जलदेवतांनी नेलेलं पोर परत देण्याची गोष्ट ज्याने मुलासाठी लिहिली, त्याचा मुलगा पाण्याने नेला. यावर मी काही भाष्य करत नाही. फक्त ते पुस्तक हातात घेताना अर्पणपत्रिकेचं पान आता पूर्वीसारखं वाचता येत नाही.

परी आणि शोक यांची गाठ इंग्लंडातही होतीच म्हणा. 'पीटर पॅन'कर्ता जेम्स बॅरी सहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ बर्फावर पडून गेला. जो कधीच मोठा होत नाही असा मुलगा त्याला कुठून सुचला हे सांगायला नको. आर्थर कॉनन डॉईल, शेरलॉक होम्सचा जनक, त्याचा मुलगा 1918 मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. दोन वर्षांनी कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रं त्याने खरी मानली आणि 1922 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. लोक हसले. त्या दोघींनी म्हाताऱ्या झाल्यावर, 1983 मध्ये, कागदाच्या पऱ्या कापून टोचणीने उभ्या केल्या होत्या असं कबूल केलं. डॉईलला परलोकविद्येची ओढ आधीपासूनच होती, तेव्हा सगळं काही मुलाच्या मृत्यूवर ढकलता येणार नाही. पण होम्ससारखा तर्कट माणूस उभा करणारा लेखक पऱ्यांचे फोटो घेऊन बसतो तेव्हा मला हसू येत नाही. आमच्याकडे कुणी फोटो मागितला नाही. आसरा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न कहाणी ऐकताना कुणी विचारतच नसे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग काय, जुनं ते सोनं? तसं नाही. या कहाण्यांत मला खटकणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. परत येतात ते मुलगे. सात मुली परत आल्या अशी कहाणी मला आठवत नाही. मूल मेलं तर दोष सुनेचा, आणि व्रत केलं की सगळं ठीक, म्हणजे ज्यांची मुलं परत आली नाहीत त्यांचं व्रत कुठेतरी चुकलं असा अर्थ निघतो. हे सांत्वन आहे, पण त्याला काटा आहे. शिवाय व्रत सवाष्णीचं. विधवेला त्यात मान नाही, आणि ओसरीवर कुणी यायचं, कुणी अंगणातच थांबायचं हे जातीने ठरलेलं. ज्या बायांना ओसरी नव्हती त्यांचं दुःख जात्यावरच्या ओव्यांत गेलं. त्या ओव्या गोळा करून छापण्यासाठी सरोजिनी बाबरांनी आयुष्य वेचलं. त्या आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या. त्यांनी केलं नसतं तर तो सगळा ठेवा म्हाताऱ्यांबरोबर गेला असता.

आणि मुलं वाचवली ती आसरांनी नाही. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे त्याच तालुक्यात नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. 1863 मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी मूल मारू नये, इथे येऊन बाळंत व्हावं, यासाठी. म्हणजे रानात हाकललेल्या सुनेला बेलाच्या झाडाऐवजी खरोखरीचं दार. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. त्यानंतर लस आली, नळाचं पाणी आलं, दवाखाने आले, मुली शिकल्या. 2020 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात हजारी सोळा मुलं वर्षाच्या आत जातात. दोनशेवरून सोळा. कुठल्याही कहाणीपेक्षा मोठा चमत्कार हाच.

मग कहाणीचं काम संपलं का? इथेच मी अडतो. हजारी सोळा म्हणजे सोळा घरं. पूर्वी पोर गेलेल्या बाईभोवती तशाच आणखी सात जणी बसलेल्या असत. आज ती बाई एकटी असते. सोसायटीत, ऑफिसात कुणालाच काय बोलावं कळत नाही, म्हणून सगळे विषय टाळतात. दुःख कमी झालं ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्याबरोबर दुःखाशी बोलायची सवयही गेली. वाचनगटांत त्या पऱ्यांच्या कादंबऱ्या इतक्या का वाचल्या जातात याचं उत्तर मला इथे सापडतं. त्या पुस्तकांतली साहित्यिक गुणवत्ता कमीजास्त असेल, काही तर फारच गोड आहेत. पण माणसांना बसायला ओसरी पाहिजे असते.

पिठोरीच्या दिवशी अजूनही काही घरांत एक रीत आहे. आई खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून, मागे न बघता, अतिथी कोण म्हणून विचारते. मागे उभी असलेली मुलं 'मी' म्हणतात आणि ताट घेतात. आपण ही गंमत म्हणून करतो, खीर मिळते म्हणून मुलंही खुशीने करतात. पण कहाणीत 'मी' म्हणणारी मुलं नाहीत, मुलं गेलेली आई आहे. मेजवानी चालू असताना झाडावरून 'मी पण आहे' म्हणणारी. आणि अप्सरांनी मुलं परत देण्याआधी काय केलं, तर तिला खाली बोलावलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मुलं परत देणं आपल्या हातात नाही. आधीचा भाग आहे.

तेव्हा ज्यांचे वाचनगट आहेत त्यांना एक सुचवतो. श्रावणात एखाद्या महिन्याला इंग्रजी पुस्तकाऐवजी ही पिठोरीची कहाणी घ्या. वाचायला दहा मिनिटं पुरतात, मोठ्याने वाचा. पऱ्या खऱ्या का, व्रत करावं का, यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला. पण झोटिंगाच्या बायकोबद्दल बोलायला विसरू नका. तिच्याकडे जादू नव्हती, वर देण्याची ताकद नव्हती, घरात माणसं खाणारा नवरा होता. तिने फक्त विचारलं, काय झालं गं बाई, आणि वाट दाखवली.

आणि नातेवाईक मंडळींना विनंती, घरातल्या जुन्या कहाण्यांच्या पुस्तिका रद्दीत घालू नका. कुणाकडे हाताने उतरवून घेतलेली वही असेल तर कळवा. त्या वह्यांत मजकुराशेजारी कधी कधी एखादं नाव, एखादी तिथी लिहिलेली असते. ती कुणाची, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्या.